हिर्डोशी संघाचा मॅनेजर

१ डिसेंबर, रविवार
आज हिर्डोशीच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर झालो. कॅप्टन गोरखला म्हणालो, मी भोरला असतो, रिटायर आहे, इंग्लंडचा १९३०-३१ चा फर्स्ट डिव्हिजनचा सीझन मला तोंडपाठ आहे, मी तुम्हाला गाइड करीन. तो भाताचे भारे उचलत होता. म्हणाला, या की काका. नेमणूक इतक्या झटपट होईल असं वाटलं नव्हतं.

भात निघालं की गोरखचं खाचर हेच मैदान. भोर-वेल्हे लीगमध्ये चार संघ. मी तिला फर्स्ट डिव्हिजन म्हणणार. सेकंड नाहीये, हे खरं. पण त्यानं फर्स्टचं काय बिघडतं?

२ डिसेंबर
प्रद्युम्नचा पुण्याहून फोन. गुढीपाडव्याला घराला कुलूप लावा आणि आई-बाबा दोघं इकडे या, हाच धोशा. सूनबाईही गोड बोलली. त्या बाराव्या मजल्यावर मी दिवसभर काय करणार? लिफ्टची वाट बघणार? ठणकावून सांगितलं, संघाला माझी गरज आहे, मला हलता येणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, शेवटच्या मॅचला येऊन बघतो, खरंच गरज असली तर पुन्हा विषय काढणार नाही. म्हटलं, जरूर ये!
आमची मंडळी, सरोज, आत हसली. का, ते विचारलं नाही.

८ डिसेंबर, रात्री
पहिली मॅच. भाटघरकडून ०-४.
मॅचआधी आर्सेनलची तीन बॅकची पद्धत काठीनं मातीत काढून दाखवली. सगळे व्हय व्हय म्हणाले. शिट्टी वाजली आणि अकराच्या अकरा बॉलच्या मागे. पद्धत रुजायला वेळ लागतो. मँचेस्टर युनायटेड त्या सीझनला पहिल्या बारा मॅच ओळीनं हरले होते. आपण एकच हरलोय. शेवटी ते खालच्या डिव्हिजनला गेले, पण आपल्याला ती भीतीच नाही.

२२ डिसेंबर
गुंजवण्याशी २-२.
ऐन मॅचमध्ये गोलकीपर धनाजीची म्हैस व्यायला लागली. घरून फोन आला, गडी ग्लोव्हज फेकून पळाला. कडेला बसलेला बंडू त्याच्या जागी आत जायला निघाला, त्याला अडवलं. म्हटलं, १९३० मध्ये बदली खेळाडू नव्हता, दहा जणांनी लढायचं. बंडू म्हणाला, व्हय काका. आणि आत गेला. शिवाय तीन गोल अडवले. शिस्त म्हणून काही राहिलेली नाही.
रेडकू झालं. धनाजी खूश.

५ जानेवारी
भोरविरुद्ध. हाफटाइमला भाषण केलं. विषय: ऑफसाइडचा नियम १९२५ साली बदलला, त्याचे दूरगामी परिणाम. पोरं ऐकता ऐकता पलीकडच्या बांधावर जाऊन पाणी पीत बसली. शांतपणे विचार करायला बहुधा. २-१ नं जिंकलो! माझ्या भाषणानंतर लगेच. योगायोग म्हणवत नाही.

१९ जानेवारी
एसटी चुकली. भाटघरला त्यांच्या गावात ३-० नं हरवलं म्हणे. तीन बॅक रुजले एकदाचे.

२ फेब्रुवारी
खोकला. सरोजनं घराबाहेर पडू दिलं नाही. गुंजवण्यात ५-१! फोनवर गोरख म्हणाला, काका, तुमी आराम करा, घाई करू नका. किती जीव लावतात पोरं. माझ्या नुसत्या धाकानं खेळताहेत.

१६ फेब्रुवारी
काय सांगू! गोरख आणि त्याची आई ठकुबाई मैदानाच्या कोपऱ्यात डहाळ्या, पालापाचोळा, गवत रचत होते. प्रेक्षकांसाठी गॅलरी! मी न सांगता! डोळे भरून आले. लगेच चढून बसलो. खाली शेण अंथरलेलं होतं. पांढरी पँट कामातून गेली. ठकुबाई ओरडल्या, आवो, उतरा खाली, इस्काट झाला समदा. म्हटलं, असू द्या, उद्घाटन झालं असं समजा.

९ मार्च
गॅलरी जाळली. शुद्ध गुंडगिरी! एसटीतूनच धूर दिसला. पहिला संशय भाटघरवर. जाऊन बघतो तर गोरख स्वतः हातात जळकी डहाळी घेऊन उभा. म्हणाला, काका, राब हाय त्यो. ह्या जागंत भाताचं रोप टाकायचं, म्हून भाजून घ्यायाची. दरसाल भाजतो.
मला माहीत होतंच. नुसतं विचारून बघितलं.

२३ मार्च, रात्री
भोरविरुद्ध शेवटची मॅच. प्रद्युम्न गाडी घेऊन आला. मी टचलाइनवर ब्लेझर घालून. घसा फुटेस्तोवर सूचना दिल्या. ३-२. लीग जिंकली! प्रद्युम्नकडे असं बघितलं की बोलायची गरजच नव्हती.
मग सत्कार. माईकवर गोरख. म्हणाला, आता शाल आन् नारळ, आमचे एकुलते एक प्रेक्षक, भोरवरनं येनारे रघुवीर काका.
टाळ्या. प्रद्युम्नही वाजवत होता.
गोरखच्या कानाशी जाऊन म्हणालो, अरे, मॅनेजर म्हण. तो चेष्टा करत नव्हता, तेच वाईट. खरंच विचारात पडून म्हणाला, मॅनेजर? आमाला कुटं मॅनेजर हाय काका?
माईक चालू होता.
येताना गाडीत प्रद्युम्न फक्त रस्त्याबद्दल बोलला. रस्ता चांगला केलाय म्हणाला. फार वाईट वाटलं. लिहितो कशाला, पण वाटलं.

२८ मार्च
सामान बांधून झालं. सरोज म्हणाली, त्या पोरांना कळवा तरी, उगीच वाट बघतील. पटलं. नुसता प्रेक्षक असलो तरी एकुलता एक. गोरख आग्रह करील, राहा म्हणेल, पोरांना बोलावून घेईल. मग मात्र प्रद्युम्नला स्पष्ट सांगायचं की आता ऐकत नाही. आग्रहाला उत्तर काय द्यायचं तेही ठरवून ठेवलं.
फोन केला. म्हणालो, गोरख, पाडव्याला आम्ही पुण्याला चाललो, कायमचे.
तो म्हणाला, बरं काका.
थोडा वेळ फोन तसाच कानाला धरला. त्यानं ठेवून दिला होता.