बाकीचं सगळं सोडून

प्रिय चिमणे,

फोन सोडून वहिनीला पत्राची हौस कुठून आली, असं वाटलं असेल तुला. तुझा दादा आता घरूनच काम करतो आणि त्याच्या खोलीची भिंत पातळ आहे. म्हणून शाळेतल्या शिक्षकखोलीत बसून लिहितेय.

गेल्या वर्षी त्याला ऑफिसने प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथून तो एकच गोष्ट शिकून आला. दिवसभरातल्या मोजक्याच कामांनी खरा फरक पडतो. ती घट्ट धरायची, बाकीची सोडून द्यायची. मला तर हायसं वाटलं. चष्मा कपाळावर ठेवून पलंगाखाली शोधणारा माणूस हा! तो वेळेवर जेवायला लागला, शांत झोपायला लागला, बढतीही मिळाली. शेजारणीकडे मी त्याचं कौतुक सांगत सुटले होते.

मग सोडणं वाढत गेलं. पेपर बंद झाला. मित्रांचे फोन घेईना. गॅलरीतल्या कुंड्या वाळायला लागल्या तेव्हा मी पाणी घालत होते, तर म्हणाला, ‘हे कशासाठी करतेस?’ रागाने नाही गं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. मी उरलेलं पाणी तुळशीत ओतून आत आले. तुझ्या वाढदिवसाला त्याचा फोन आला नाही म्हणून तू रुसलीस आणि मी कामाचं निमित्त सांगून वेळ मारून नेली. खरं म्हणजे तूही त्याच्या लेखी त्या बाकीच्यात गेली होतीस.

संध्याकाळी तो आईंजवळ बसायचा, तेही थांबलं. ‘दमत असेल बिचारा,’ आई म्हणाल्या. त्यांच्या हृदयाच्या गोळ्या मात्र तोच द्यायचा, कारण माझी शाळा सकाळची. गेल्या महिन्यात त्यांच्या पायांवर सूज आली, जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? मी ठामपणे हो म्हटलं. घरी येऊन कपाट उघडलं, तर न फोडलेल्या पट्ट्या एकावर एक नीट रचून ठेवलेल्या. त्याला विचारलं. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, ‘बंद करून बरेच दिवस झाले. तुझ्या तरी लक्षात आलं का?’

तेव्हापासून गोळ्या मी देते. परवा कपाटातल्या सगळ्या पट्ट्या नाहीशा झाल्या. मी नवीन आणल्या. त्या पर्समध्येच ठेवते. आईंना सगळं कळतंय. ‘त्याच्याशी भांडू नकोस गं,’ म्हणतात आणि दाराकडे बघत बघत गोळी गिळतात. स्वतःच्या मुलाला घाबरलेली आई मी याआधी पाहिली नव्हती. आणि त्याच्या चेहऱ्यावर कसला ताण नाही, चिमणे. दहा वर्षांनी तरुण दिसतो.

येत्या मंगळवारी तो दिवसभर ऑफिसला जाणार आहे. तू सकाळीच गाडी घेऊन ये. आधी फोन करू नकोस, त्याला तर मुळीच कळवू नकोस. आईंची बॅग मी भरून ठेवते. डॉक्टरांचे कागद घेतलेत. आज निघताना त्याच्यासमोर चहा ठेवला, तर तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला, मनाशी काहीतरी ठरवत असल्यासारखा. मागच्या सीटवर दोघींपुरती जागा ठेव.

तुझीच,
वहिनी