कढई कुणी वाचवली

१८ मार्च, मंगळवार
काल चुकीचं लिहिलं. कढईची गोष्ट सांगताना आजोबांनी लिनियाचं नाव तीनदा घेतलं नाही — दोनदाच. तिसऱ्यांदा नुसतं ‘ती पोर’ म्हणाले. पण बघत होते लिनियाकडेच!

कढई मी वाचवली. नऊ तारखेला पाकासाठी मेपलच्या झाडांचा रस आटत होता, कढईत रस सोडणारी नळी तुंबली, कढईचा तळ उघडा पडायला आला. ‘आजोबा, करपेल! बादली ओता!’ — मी ओरडले. लिनिया तर बाहेर लाकडं फोडत होती. त्या संध्याकाळी त्यांनी माझीच पाठ थोपटली. आणि आठवड्यात माझे शब्द लिनियाच्या, माझ्या चुलत बहिणीच्या तोंडी गेले!

२१ मार्च
शेजारी आले होते. ताज्या बर्फावर ओतून गरम पाक खाल्ला, सोबत मुरवलेली आंबट काकडी.
आजोबा सांगत होते, ‘लिनियाचं नाक बघा! करपायच्या आधी वास आला तिला.’
‘आजोबा, ती टॅबी होती,’ लिनिया माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.
‘बघा, पोरीला जराही गर्व नाही!’
म्हणजे खरं बोलण्याचं कौतुकही तिचंच.

२२ मार्च
आई घरीच शिकवायची तेव्हा तिचा नियम होता — कुणाचं वाक्य लिहायचं, तर आधी त्याचं नाव. आज तिलाच सांगायला गेले, तर म्हणाली, ‘सत्त्याऐंशीचे आहेत ते, टॅबी. बोललेलं लक्षात राहतं, कोण बोललं ते गळून जातं.’ गळू दे! पण पुढच्या वर्षापासून आजोबांच्या जागी कढईवर कोण उभं राहणार, ते यावरच ठरणार ना?

२९ मार्च
लिनियाला कुऱ्हाडसुद्धा शोभते.

३१ मार्च
वाईट बोलले. आजोबा पुन्हा तेच सांगायला लागले — लिनिया, लिनिया. मी म्हटलं, ‘तुम्हाला काही आठवत नाही. तुम्हाला कढईजवळ उभं करणंच धोक्याचं आहे आता.’
त्यांनी पळी खाली ठेवली.

३ एप्रिल
‘कढई तुझी, टॅबी,’ आजोबा म्हणाले. ‘रविवारी सगळ्यांसमोर सांगतो.’
‘आणि लिनिया?’
‘तिचं नाव काढू नकोस. तोंडावर म्हणाली मला — तुम्हाला कढईजवळ उभं करणं धोक्याचं आहे!’
मी गप्प राहिले. गप्प!

४ एप्रिल
लिनिया विचारत होती, ‘आजोबा माझ्याशी बोलत का नाहीत गं?’
ते वाक्य माझं होतं हे आजोबांना सांगायचं, तर त्यांना आठवत नाही हेही सांगावं लागणार. म्हणजे तेच पुन्हा तोंडावर म्हणायचं.
तरी सांगणार. रविवारी, ६ एप्रिलला — चर्चमधून आल्यावर, त्यांनी माझं नाव घ्यायच्या आधी.