बापूंच्या ट्रकचा निळा

यवतमाळ
११ ऑगस्ट २०२४

ती. इंद्रजीतभिया यांस,
बबिताचा सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तू भाभीला विचारशीलच. फोनवर तू "हो, हो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र भाभी मोठ्याने वाचते, तेव्हा तुला शेवटपर्यंत बसावं लागतं. हा उपाय मला जरा उशिराच सुचला.

तुझ्या पासष्टीला बादलने हैदराबादहून अमेरिकन ट्रकचं छोटं मॉडेल पाठवलं, सुटे भाग घरी जोडायचं, हे कळलं. मुलाला तू स्वतःच्या मोतीबिंदूबद्दल अजून सांगितलेलं नाहीस, हेही कळलं. आयुष्यभर नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवलेल्या माणसाला मोतीबिंदू झाला, यात लाज कसली? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, फार पिकू दिला तर काढायला अवघड जाईल.

तू पाठवलेल्या इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करून सोबत जोडलं आहे. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आमच्याकडून पुष्कळ प्रार्थना आणि कविता पाठ करून घेतल्या, पण "डिझेल टाकीचा डावा अर्धा भाग चिकटवून कोरडा होऊ द्यावा" असलं काही शिकवलं नव्हतं. झेरॉक्स फार पुसट होती. दुकानदाराची शाई संपली असावी. हल्ली सगळ्यांचीच संपलेली असते. वर्तमानपत्रसुद्धा तसंच येतं.

ट्रक जोड, हौसेने जोड. पण थंडी पडली की डोळा करून घे. भाभीला नमस्कार. लोभ असू दे, आणि डिंकाच्या बाटलीला झाकण असू दे.

तुझी,
बबिता


केळापूर
२ सप्टेंबर २०२४

चि. बबिता हीस,
इंद्रजीतचे अनेक आशीर्वाद.

माहा हात दुखते म्हणून तुही भाभी लिहून राह्यली. मी सांगतो, ते लिहिते.

कागद भेटला. चांगला हाय, पण त्या कंपनीले ट्रकचं काही समजत नाई. स्टेरिंग डाव्या बाजूले देल्लं. म्हंजे ड्रायव्हर क्लीनरच्या जागेवर बसणार, अन् क्लीनर काय करणार? मी ब्लेड तापवून डॅशबोर्ड कापला अन् स्टेरिंग उजवीकडं आणलं. आता बसल्यासारखं वाटते. सायलेन्सर दोन हायेत, उभे, बैलाच्या शिंगासारखे. ते मले आवडले, राहू देल्ले. केबिनच्या मांगं झोपायची खोली हाय, कपाटासकट. आमच्या खोलीपेक्षा बरी हाय. हे शेवटचं वाक्य तुह्या भाभीनं सोताच्या मनानं लिहिलं.

रंग आपल्या बापूच्या ट्रकचा देईन. दुकानातला निळा मले मळकट दिसते, म्हणून मीच मिसळवून राह्यलो.

डोळ्याचं म्हणशीन तं ट्रक पुरा झाल्यावर पाहू. बापूचा डोळा ऑपरेशनमंदीच गेला, हे तू काहून इसरते?

तुह्या पत्राची वाट पाहतो, उपदेश कमी टाकजो.

तुहा भाऊ,
इंद्रजीत

ता. क. ननंदबाई, हे माहं. त्यायले वाचून दाखवणार नाई. हात बिलकूल दुखत नाई, अक्षरं दिसत नाईत. रंग मिसळवतात अन् मले इचारतात, झाला का निळा? वांग्यासारखा झाला हाय. मी म्हणते, झाला. ट्रक पुरा व्हायची तं घाईच नाई त्यायले. चाक बसवलं की बोटानं चाचपतात, वाकडं हाय म्हणतात, काढतात. सरळ असते. ट्रक पुरा झाला तं दवाखान्यात जा लागन, म्हणून चाललं हाय सारं. तुमीच काही करा.
बसंती


यवतमाळ
१० नोव्हेंबर २०२४

ती. भिया आणि सौ. भाभी यांस,
बबिताचा सा. न. वि. वि.

भाऊबीज करून सुखरूप पोचले. भाभीने दिलेली तूरडाळ रिक्षात सांडली नाही, कारण मी ती मांडीवर घेऊन बसले होते.

भिया, ट्रक हातात घेतल्यावर मी एकच शब्द बोलले, तो आता पुन्हा लिहिते. हुबेहूब. मी होस्टेलच्या खिडकीत उभी असे आणि बापूंचा ट्रक वळणावरच रंगावरून ओळखत असे. आमच्या शाळेच्या दारात मेरीमातेची मूर्ती आहे. तिची ओढणी आणि बापूंचा ट्रक एकाच डब्यातून रंगवल्यासारखे होते. प्रार्थनेच्या वेळी हॉर्न वाजवू नये, असं सिस्टरांनी बापूंना दोनदा सांगितलं. बापूंनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि जाताना हॉर्न वाजवला. काल मुद्दाम शाळेपाशी जाऊन मूर्ती पाहून आले. तोच रंग, भिया. भाभी काहीही म्हणो.

लिंबू-मिरचीच्या जागी तुरीचा दाणा आणि बडीशेप ओवलीस, त्याचं मी शेजारी सगळ्यांना सांगितलं.

आता ऐक. बापूंचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला नाही. दुसऱ्याच दिवशी पट्टी सोडून ते सरकी घेऊन आदिलाबादला गेले, धूळ खात. याडीने मला सांगितलं होतं, आई मुलीपासून काही लपवत नाही. शेजारच्या सीटवर तूच होतास, म्हणजे तुला याडीपेक्षा जास्त माहीत आहे.

इकडे बाकी ठीक. नवी ट्यूब लावली, तीही पिवळीच निघाली. पांढऱ्या साड्या पांढऱ्या राहत नाहीत. साबण बदलून झाला, आता बाई बदलायची वेळ आली आहे. ममता होती तशीच ठेव, आणि हट्ट थोडा उतरव.

तुमची,
बबिता


केळापूर
८ डिसेंबर २०२४

सौ. ननंदबाई यांस,
बसंतीचा नमस्कार.

तुमी भाऊबीजेले "हुबेहूब" म्हणाल्या, तवापासून त्यायचा चेहरा पाहाले पाहिजे होता तुमी. माह्या खोट्याले कोणी इचारत नाई, तुमी शिकलेल्या, तुमच्या खोट्याले वजन हाय. उपकार झाले.

आता खरी गोष्ट. सरकीचं तुमचं वाचून दाखवलं तं ते उठून वावरात गेले.  ट्रक पुरा झाला होता, फकस्त कपाळावरचं नाव राह्यलं होतं. तुमच्या बापूच्या ट्रकवर तुमचं नाव होतं ना, तेच. बारीक ब्रश घेऊन बसले. पह्यला "ब" काचेवर आला. पुसला. दुसरा सायलेन्सरवर आला. मंग ब्रश माह्याकडं देल्ला, तू लिही म्हणे. मी म्हटलं, बहीण तुमची, ट्रक तुमचा, नाव मी काहून लिहू?

ब्रश माह्या हातून घेऊन धुतला. मंग म्हणाले, बबितेचं नाव वाकडं चालत नाई, लाव डॉक्टरले फोन.

तवा आमी येतो. उतरणार तुमच्याकडंच. बादललेबी सांगितलं. तो रागावला, मंग रडला, मंग ट्रकचा फोटो मागितला. आपली माया अशीच राहो, अन् मांगच्या खेपेसारखी थंड भाजी या खेपेले वाढू नोका.

तुमची,
बसंती


केळापूर
६ जानेवारी २०२५

चि. बबिता हीस,
इंद्रजीतचे अनेक आशीर्वाद.

हे मी लिहून राह्यलो. सोता. भाभीनं फकस्त कागद आणून देल्ला.

डोळा बेस हाय. पट्टीले मी हात लावला नाई, तू पाह्यलंच. घरी आल्यावर बसंतीच्या कपाळावरचं गोंदण दिसलं. कित्येक वर्सं पाह्यलंच नव्हतं. तिले सांगितलं, तं म्हणे, ते कुठं जाणार होतं?

मंग ट्रक पाह्यला. वांगं हाय, बबिते. जांभळं वांगं, त्यावर चाकं लावली. बसंतीनं कबूल केलं की तिले पह्यल्यापासून माहीत होतं. बापूचा ट्रक तिनं कधी पाह्यलाच नाई, तिच्या लग्नाच्या आंधीच इकला होता, म्हणून तिचं खोटं मी माफ केलं.

पण तू पाह्यला होता. परवा दवाखान्यातून येतानी तू शाळेपाशी ऑटो थांबवला, मेरीमाता दाखवली, म्हणे पाहा, तोच रंग. मी गप बसलो, ऑटोवाला होता. मूर्तीची ओढणी आकाशी हाय. तवा वाटलं, ट्रकबी तसाच असन.

बसंती म्हणते, तू मले खूश कराले खोटं बोलली. मले पटत नाई. लहानपणी पेरू चोरला तं तू खायच्या आंधी सिस्टरले सांगून येत होती. तू खोटं बोलत नाई. तुले तसंच दिसते.

तुह्या घरची ट्यूब मी पाह्यली. पांढरी फट हाय. साड्याबी पांढऱ्या हायेत. साबणाले अन् त्या बाईले उगाच काही बोलू नको.

माह्या दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतली, तवा डॉक्टरले तुहंबी नाव सांगून ठेवलं. दोघं एकाच दिवशी जाऊ. भिऊ नको, काही होत नाई. पट्टी तेवढी सोडाची नाई.

रंग मी बदलला नाई. बापूचा ट्रक पाह्यलेले आता आपुन दोघंच उरलो, अन् एकट्यानं मिसळवाची माही हिंमत नाई. तुहा डोळा झाला की ये. नाव मात्र लिहून झालं. कपाळावर आलं, सरळ आलं.

हे पत्र मी मोठ्या अक्षरात लिहिलं हाय. काहून, ते तू समजून घे. भावावरचा जीव हाय तसा राहू दे, अन् उत्तर फोनवर दे. मी शेवटपर्यंत ऐकीन.

तुहा भाऊ,
इंद्रजीत