टाकलेली मुलं आणि आमचा पट

४ जुलै
डोकं फिरलंय नुसतं. सकाळी फाटकाशी शिवणकाम करणारी एक बाई, मागे तिची मुलगी. सातवीत, मान खाली. "मोठ्या शाळेनं काढलं. म्हणाले, गणित जमत नाही, आमचा निकाल पडेल."
दरवर्षीचं आहे हे! हुशार मुलं ठेवायची, कच्ची आमच्या दारात आणून सोडायची. मग रस्त्याभर फलक — निकाल शंभर टक्के! आणि सरकारी शाळेत शिकवतच नाहीत म्हणून बोंब.
हेडसर म्हणाले, "घेऊ नका. आधीच आपण तळाला." म्हटलं, "पट घसरला तर शाळाच बंद होईल सर. मग निकाल काय भिंतींचा लावणार?" प्रवेशाचा अर्ज माझ्याकडे सरकवला. घेतलं मुलीला.

१९ ऑगस्ट
अपूर्णांक दिसले की रडते. आज आईची मोजपट्टी आणायला लावली. पाव, अर्धा, पाऊण — कापडावर फटाफट सांगितलं! फळ्यावर लिहिलं की पुन्हा रडू. पण जमेल. जमवणारच.

२ डिसेंबर
आसपासच्या सगळ्या शाळांची चाचणी. गणितात आमची रडूबाई पहिली! हेडसर स्टाफरूममध्ये असे फिरत होते, जणू त्यांनीच पेपर सोडवला.

५ डिसेंबर
निर्लज्ज माणसं! मोठ्या शाळेनं तिच्या आईला बोलावलं. फी माफ, पुस्तकं फुकट, परत पाठवा. आई समोर उभी, पदराशी चाळा करत. "बाई, वाईट वाटतं हो. पण तिचं पुढचं बघायला नको का?"
मी नको ते बोलले. "आम्ही काय दुरुस्तीचं दुकान आहोत?" म्हटलं. तिची काय चूक? पण तोंडाला आवर नव्हता.
गुरुवारी पटपडताळणी. शिक्षण खात्याचे साहेब वर्गात येऊन डोकी मोजणार; एकानंही दांडी मारायची नाही, मुलांना बजावलंय. पट अगदी काठावर; ही गेली की एक कमी, आणि एक कमी म्हणजे कुलूप. पुढची शाळा हमरस्त्यापलीकडे. मुलगे जातील. मुलींना कोण पाठवणार? चूल आणि धाकटी भावंडं, झालं शिक्षण.
घरी येऊन नवऱ्यावर खेकसले. तो बिचारा फक्त चहा हवा का विचारत होता.

६ डिसेंबर
हेडसर — "दाखला शुक्रवारी देऊ. लेखनिक रजेवर आहे म्हणून सांगा." मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण मग त्यांच्यात न् आपल्यात फरक काय! स्वतः लिहिला, सही घेतली, आईला निरोप धाडला. दिवसभर कोणी न्यायला आलं नाही.

७ डिसेंबर, गुरुवार
आली. आमच्याच गणवेशात, आपल्या जागेवर बसली. साहेबांनी मोजलं. पट पुरला. शाळा राहिली.
मधल्या सुट्टीत टेबलाशी आली. "आईला म्हटलं, मोजणी आहे, आज नाही जाणार. आता द्या बाई, दाखला."
दिला.