अर्ध्या किलोच्या आत

बाई, तुमची पेटी मी विकली. हे एक वाक्य लिहून मघापासून बसले आहे, आणि तेही धड खरं नाही. अख्खी विकली असती तर कुणाच्या तरी घरी ती पेटी म्हणून नांदली असती. मी ती खोलली आणि सुटी सुटी विकली. आतले पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या त्या पात्या, एकाला, पट्ट्या दुसऱ्याला, भाता तिसऱ्याला. पुढचे ते पांढरे स्टॉपर, जे तुम्ही ओल्या फडक्याने पुसून मग पदराने कोरडे करायचात, ते कुठल्या गावाला गेले ते मला आता आठवतही नाही. पत्ता चिकटवला, पाकीट दिलं, विसरले. तुमच्यासमोर उभं राहून हे सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहिते आहे. यात धाडस काही नाही, हे मला कळतं.

आधी तुम्हाला माझा धंदा सांगायला हवा, कारण तुमच्या वेळी तो नव्हता. माझ्या सासऱ्यांचं मुलुंडला वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. ते गेल्यावर गाळा सोडावा लागला आणि आतला माल गोण्यांत भरून आमच्या गॅलरीत आला. पेट्यांच्या पट्ट्या, स्प्रिंगा, भात्याचं कापड, तबल्याच्या हातोड्या, काय काय. नवरा म्हणाला, भंगारात देऊन टाक. मी म्हटलं थांब, ऑनलाइन टाकून बघते. टाकलं आणि खपायला लागलं. कुठकुठल्या गावात जुन्या पेट्या पडून आहेत आणि त्यांना एखादीच पट्टी हवी असते, तुम्हाला खरं वाटणार नाही. पण विकून मिळालेले पैसे माल पाठवण्यात जातात, बाई. ज्या साइटवर विकायचं ती आपलं कमिशन कापते, आणि तेसुद्धा वस्तूच्या किमतीवर नाही, भाडं धरून. कुरियरवाला वजन करतो, वर डब्याचं मापही घेतो, आणि दोन्हीत जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतो. म्हणजे डब्यात रिकामी जागा असेल तर हवेचंही भाडं भरायचं. घेणाऱ्याने दारातून परत पाठवलं तर जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडी आपल्या डोक्यावर. पहिलं वर्ष मी नुसती कुरियरवाल्यासाठी राबले. मग शिकले. डब्याऐवजी पाकीट वापरायचं, डबा लागलाच तर कापून बुटका करायचा, पैसे आधी भरणाऱ्याला थोडी सूट द्यायची म्हणजे माल परत येत नाही, आणि काहीही करून वजन अर्ध्या किलोच्या आत ठेवायचं, कारण त्याच्या वर काटा गेला की दर उडी मारतो. मला त्याची झिंग चढली. खोटं कशाला बोलू, तुमच्यासमोर बसून वाजवताना कधी चढली नव्हती इतकी.

घाटकोपरच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत आपला क्लास स्वयंपाकघरात चालायचा, कारण बाहेरच्या खोलीत तुमचे भाऊ रात्रपाळी करून झोपलेले असायचे. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी धरली होती. मी आठवीत आहे. ओट्यासमोर सतरंजी, सतरंजीवर पेटी, पेटीपुढे मी, आणि ओट्यावर कुकर. शिट्टी होते, तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठता, गॅस बारीक करता, आणि पाठमोऱ्या असतानाच सांगता की आत्ता चुकलं. एकदा तुम्ही मला चहा दिलात आणि मी कप पेटीच्या झाकणावर ठेवला. तुम्ही ओरडला नाहीत. कप उचललात, झाकण पुसलंत आणि म्हणालात, "ह्यां काय लावलंस गो? टेबल आसा काय ह्यां?" एरवी शाळेत शिकवणाऱ्या बाईसारखं शुद्ध बोलायचात, मालवणी आली की समजायचं, आज आपली धडगत नाही. त्या दिवशी तुम्ही मला पट्टीला बोट लावू दिलं नाहीत. अख्खा वेळ नुसता भाता हलवायला लावलात. मी रडले. तुम्ही रडू दिलंत आणि जाताना हातावर खोबऱ्याची वडी ठेवलीत. पुढे माझ्या घरी त्याच झाकणावर ठेवून मी पार्सलांना टेप लावत होते, कारण उंची बरोबर यायची आणि कंबर दुखायची नाही.

पेटी तुम्ही मला लग्नात दिलीत. टेम्पोने पाठवा म्हटलं तर नाही म्हणालात, रिक्षा केलीत. रिक्षावाला म्हणाला, मागे ठेवतो आजी, आरामात बसा. तुम्ही त्याला विचारलंत, "माणसाला कोण मागे टाकतं का रे?" घाटकोपर ते मुलुंड पेटी मांडीवर घेऊन बसलात आणि उतरताना पायांना अशा मुंग्या आल्या होत्या की मला आणि नवऱ्याला दोन्हीकडून धरावं लागलं. पेटीवर नवी गवसणी होती, तुमच्या हिरव्या सुती साडीची, हाताने शिवलेली. "माझी बोटं आता साथ देत नाहीत," तुम्ही म्हणालात. "तू वाजव. नाहीच जमलं तर ज्याला वाजवायची आहे त्याला दे. पण बंद ठेवू नकोस." मी काही दिवस वाजवली. मग मुलगा झाला, सासूबाईंचं दुखणं निघालं, पेटी माळ्यावर गेली, आणि माझा धंदा घरभर पसरला तेव्हा टेबल म्हणून खाली आली. तुमचं ते "दे" मी बरोबर लक्षात ठेवलं. देच म्हणाला होतात की. सुटी करून विक असं म्हणाला नव्हतात, ते सोयीने विसरले.

घरात चूल पेटत नव्हती अशातला भाग नाही. तसं असतं तर आज लिहायला तोंड तरी असतं. नुसतं मनात आलं, फोटो काढला आणि टाकला. जुनी पेटी, जर्मन सूर. बेळगावहून एका काकांचा फोन आला.

"ताई, पेटी वाजते ना चांगली?"

"झकास वाजते, काका."

"मग पाठवा. मला अशीच हवी होती."

मी कुरियरला विचारलं. लाकडी खोकं करा, विमा काढा, माप एवढं, वजन तेवढं. भाडं पेटीच्या निम्म्या किमतीएवढं होत होतं, आणि वाटेत तडा गेला तर माल परत. माझ्यातली हुशार बाई लगेच जागी झाली. मी काकांना म्हटलं, "पेटी कशाला मागवता? भाड्यातच पैसे जातील. मी सूर काढून पाठवते, तुमच्या तिथल्या पेटीत बसवून घ्या."

"वाजती पेटी खोलणार तुम्ही?"

"खोकंच तर आहे, काका. खरी किंमत सुरांचीच."

"ते खरं. पण घरातली आहे ना तुमच्या?"

"नाही हो," मी म्हटलं. "दुकानातला माल आहे."

दुपारी सासऱ्यांचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. एकेक सूर काढला. पितळ एकमेकांवर घासू नये म्हणून प्रत्येकाला काहीतरी गुंडाळायला हवं होतं. बबल रॅप फुगतं, पाकीट फुगलं की माप वाढतं. पातळ, जुनं, मऊ कापड हवं होतं. ते शेजारीच पडलं होतं, हिरवं. मी कात्री चालवली, बाई. शिवण उसवायचेही कष्ट घेतले नाहीत. सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर अर्ध्या किलोच्या जरासं वर गेलं, म्हणून तुम्ही दुमडून शिवलेल्या जाड कडा कापून टाकल्या, आणि बसलं. आमचा ऑनलाइन विकणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात मी टाकलं, मोठी वस्तू असेल तर भाडं भरत बसू नका, खोला आणि सुटी विका. खाली अंगठेच अंगठे. कुणीतरी लिहिलं, एक नंबर ताई. आठवडाभरात पट्ट्या आणि भाताही गेला. उरलेलं खोकं भंगारवाल्याने नेलं. मी खूश होते. हेही सांगून टाकते.

मग तुमच्या भाचीचा फोन आला. तुमचे भाऊ आता अंथरुणाला आहेत. तिला, पोटच्या मुलीला, कधी ओळखतात, कधी नर्स समजतात. पण संध्याकाळ झाली की त्यांचं एकच चालतं, ताई आज का वाजवत नाही, ताई रुसली काय. ती म्हणाली, "आत्याची पेटी तुझ्याकडे आहे ना गं? चार दिवस दे. वाजवायला मी कुणाला तरी बोलावते. झालं की आणून देते, शपथ."

"अगं, दुरुस्तीला दिलीय."

"कुठे दिलीस? पत्ता दे ना, मी परस्पर घेते."

"ते गावाला गेलेत."

ती रोज विचारायला लागली, आले का गं ते. मी रोज काहीतरी सांगत होते. एका रविवारी ती दारातच उभी राहिली. तिला पाणी दिलं आणि सांगितलं.

"म्हणजे? पार्ट-पार्ट?"

"हो."

"गॅरेज उघडलंयस काय तू? वाट लावलीस यार." तिने पाणी तसंच ठेवलं. "पैसे हवे होते तर मागायचे ना. मी दिले असते. आणि बाबांना काय सांगू आता? ते रोज दाराकडे बघत बसतात."

मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडणं म्हणजे तिच्याकडूनच समजूत काढून घेणं झालं असतं, म्हणून आत गेले आणि बेळगावला फोन लावला. दुकानातला माल नव्हता, हे पहिलं सांगितलं. मग तुमच्या भावांचं सांगितलं, आणि पैसे परत घ्या, सूर परत द्या म्हटलं. ते काका रागावले नाहीत. म्हणाले, "देईन की ताई. पण बसवणार कशात? पेटी कुठे आहे तुमच्याकडे?" मग तेच म्हणाले, "सूर माझ्या पेटीत बसलेत आता. फोनवर वाजवून दाखवू का त्यांना? मी काही मोठा वादक नाही, पण बरं वाजवतो."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी घाटकोपरला गेलो. तुम्ही गेल्यानंतर मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. भाऊ तुमचे पार वाळलेत, नाक तेवढं तुमचं राहिलंय. भाचीने फोन त्यांच्या उशीवर ठेवला, आवाज मोठा केला. तिकडून काकांनी घसा खाकरला आणि वाजवायला सुरुवात केली, साधंच, संध्याकाळचं काहीतरी. भाऊ डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले. भाची माझ्याकडे बघेना. थोड्या वेळाने भावांच्या कपाळावर आठी आली आणि ते चांगले खणखणीत बोलले, "ह्यो मधलो सूर अजून उशिरा बोलता. ताईक सांग, नीट करून घे."

तिकडे वाजवणं थांबलं. "कोण बोललं?" काकांनी विचारलं. "बरोबर आहे त्यांचं. मधला एक सूर दाबला की जरा थांबूनच बोलतो. मी नीट करणार होतो, मग म्हटलं असू दे तसाच."

"वाजव म्हणा," भाऊ म्हणाले. काका पुन्हा वाजवू लागले.

भाची एकीकडे रडत होती आणि एकीकडे हसत होती. तिने माझा हात धरला. "आत्या त्या सुराला आळशी म्हणायची बघ. कोणी आलं की सांगायची, हा उठेपर्यंत थांबा जरा. आठवतो ना गं तुला तो?"

"न आठवायला काय झालं," मी म्हटलं.

बाई, मला नाही आठवत. तुमचा कुकर आठवतो, वडी आठवते, रिक्षा आठवते, तो सूर नाही आठवत. इतकी वर्षं तुमच्यापुढे बसून मी तीच पेटी वाजवली, माझ्या हाताने खोलली, तोही सूर बाकीच्यांसारखा फडक्यात गुंडाळला असणार, आणि तो थांबून बोलतो हे मला कधी ऐकूच आलं नाही. काकांनी तो पुन्हा पुन्हा वाजवला तेव्हाही नाही. फोनवर नीट येत नाही म्हणावं, तर तुमच्या भावांना आला. मला ती कुठलीही पेटी वाटली. पत्ता असता तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. तुमची भाची मात्र आता मला माफ करायला लागली आहे, दर रविवारी बोलावते, कारण तिला वाटतं की तुमची पेटी ओळखणारे आता दोघंच उरलेत, तिचे बाबा आणि मी. तिला मी अजून काही बोललेले नाही.