ॲल्युमिनियम लाल होत न्हाई

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा भोक पडलं! वेल्डिंगची दुसरी टेस्ट पण गेली.

औशात ट्रॉल्या जोडायचो तवा लोखंड आधी सांगायचं — लाल व्हायचं, मग वितळायचं. लाली बघून हात उचलायचा. हे ॲल्युमिनियम काही सांगतच न्हाई. पांढरं ते पांढरंच, अन् एकदम खाली गळतं. मी लालीची वाट बघत बसलो, तवर पत्रा गेला.

संगप्पा मिस्त्री म्हणला, डोळ्याचं ऐकू नको, तिकडचं विसर. कसं विसरू? लहानपणापासून तेच केलं.

आता एकच टेस्ट. पास झालो तर वेल्डर, अन् कंपनीची खोली. न्हाई तर गेटपास जमा करायचा, गोवा सोडायचा.

१२ नोव्हेंबर

यार्डात आग विझवायची बोट बांधून पुरी होत आली. बाजूला पोलिसांची गस्तीची. दोन्हींत माझा वेल्डिंगचा एक टाका न्हाई. नुसता पत्रे घासून राहिलो.

१४ नोव्हेंबर

हदगावला सासऱ्यांना फोन केला. जयभीम घातला. त्यांनी पण घातला, कोरडाच.

"खोली भेटल्यावर फोन करा, जावई. शेडात दहा गड्यांत माझी पोरगी धाडायची न्हाई मला."

बरोबर हाय त्यांचं. मागून मनिषा काहीतरी म्हणत होती, तवर कटला. लग्न उन्हाळ्यात झालं. सोबत राहिलो किती? धड महिना न्हाई.

१७ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवून राहिलो. मिस्त्री म्हणला, मनात गाणं म्हण अन् त्या चालीवर हात सरकव. गाणं येत न्हाई म्हणलं. मग बायकोचं नाव घे म्हणला! सगळे हसले.

घेतलं. टाका सरळ आला.

२० नोव्हेंबर

उद्या. शेवटची टेस्ट.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वरून टाका असा सुरेख, की मिस्त्रीनं पाठीवर थाप मारली. मग साहेबानं पट्टी कापून प्रेसमधी वाकवली. अर्ध्यातच चिरली. आत सगळे बुडबुडे.

ओल राहिली म्हणला साहेब, पुसलं न्हाईस का? पुसलं होतं की! — ज्या फडक्यानं तोंडाचा घाम पुसला, त्याच फडक्यानं. लोखंडाला चालायचं सगळं.

मिस्त्रीनं साहेबाला लई विनवलं. साहेब न्हाई न्हाई म्हणत मान हलवत राहिला. मी तिथंच उभा.

सासऱ्यांना काय सांगू? तिला काय सांगू?

२२ नोव्हेंबर

गेटपास देऊन, बॅग खांद्याला लावून बाहेर आलो, तर समोर मनिषा उभी. तिच्या हातात पण बॅग. बापाशी भांडून एकटी आली, परत जायचं न्हाई म्हणती. शेडात तर शेडात.

चहाच्या टपरीवर बसलो हावत. ती तोंड धुवायला गेली, तेवढ्यात लिहून राहिलो. माझी बॅग बघून हसली होती.

"मला आणायलाच निघाला होता ना तुम्ही?"

हाव म्हणलं.