दहाची सभा

ती. लव्हॉन आत्या,

ऑरिनचा नमस्कार. आत्या सैन्यातली कॅप्टन असली की खरं म्हणजे सलामच ठोकायला हवा, पण कागदावर टाचा जुळवल्याचा आवाज येत नाही, तेव्हा नमस्कारच गोड मानून घे. नवीन गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सहा आठवडे जिना चढू नको म्हटलं होतं आणि तू चौथ्या दिवशी माळ्यावर जाऊन लोणच्याच्या बरण्या मोजत होतीस, असं ऐकलं. (कुणाकडून ऐकलं ते विचारू नकोस. शेजारच्या मिल्ड्रेडबाई काळजीपोटी बोलल्या, चुगली म्हणून नव्हे.) कृपा करून स्वस्थ पड. टेनेसी सोडून इकडे ओहायोला यायचा विचारही मनात आणू नकोस, रस्त्यांवर बर्फ आहे. तू पाठवलेली बिस्किटं पोचली. पोस्टाने त्यांचा भुगा केला होता, तो मी दुधात घालून खाल्ला. चव उत्तम होती.

मागच्या पत्रात तू विचारलंस की दोन वर्षांचा एक्स-रेचा कोर्स मी आणखी किती वर्षं चघळणार. प्रश्न रास्त आहे. चव्वेचाळीसाव्या वर्षी माणसाने एक तर शिकून मोकळं व्हावं नाहीतर न शिकता मोकळं व्हावं, हेही मान्य. पण आत्या, गोम अशी आहे. आमच्या कॉलेजात माजी सैनिकांसाठी एक खोली आहे, खोलीत एक टेबल आहे, आणि त्या टेबलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे सरकारी फॉर्म भरून द्यायला सरकार माजी सैनिकालाच पगार देतं. शिकायचं आणि त्याच इमारतीत कमवायचं, अशी सोय. अट एकच, सत्राला निदान तीन विषय हवेत. मी घेतो दोन, कारण उरलेला वेळ टायरच्या दुकानात जातो. आमच्यातले जे दोघे पूर्णवेळ शिकत होते ते पास होऊन गेले, आणि ऑगस्टपासून टेबल रिकामं आहे. लोक मात्र यायचे ते येतातच. म्हणून दर मंगळवारी मी तिथे फुकट बसतो. (तीन पानी फॉर्म मला आता तोंडपाठ आहे. सैन्यात पंधरा वर्षं ट्रक दुरुस्त केले, पण इंजिनापेक्षा हा फॉर्म अवघड आहे.)

पुढच्या सत्रात शरीररचनेचा विषय आहे. त्याची प्रयोगशाळा फक्त सकाळी असते आणि दुकानाचा मालक सकाळ सोडायला तयार नाही. टेबल मिळालं तर दुकान सोडता येईल. नाही मिळालं तर शरीररचना सुटली, आणि ती सुटली की एक्स-रेचं दुकान बंद. इतका साधा हिशेब आहे.

तिसरा विषय घेऊन टाक, असं तू म्हणशील. घेतला होता. माझ्या वेळेत बसणारा एकच वर्ग उरला होता, तो समूहगायनाचा. शिकवणाऱ्या बाई फार मायाळू. पहिल्या दिवशी त्यांनी मला मागच्या रांगेत उभं केलं, दुसऱ्या दिवशी खांबामागे, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की तुम्ही नुसते ओठ हलवलेत तरी गुण देईन. मी तेही केलं असतं. पण वसंतोत्सवाची तालीम शनिवारी निघाली, आणि शनिवारी अख्खा गाव टायर बदलायला येतो. नवव्या दिवशी गाणं सुटलं. शेजारच्या तुकडीतल्या लोकांनी बाईंचं अभिनंदन केलं म्हणतात.

तेवढ्यात बातमी आली. अटच बदलायचा प्रस्ताव निघालाय, दोन विषय घेणाऱ्यांनाही टेबल द्यायचं. आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधींच्या कचेरीतल्या प्रुएट नावाच्या बाई गुरुवारी दहाला कॉलेजात येऊन अर्धवेळ शिकणाऱ्यांचं म्हणणं ऐकणार होत्या. कॉलेजातून मला सांगण्यात आलं की खोली भरलेली दिसली पाहिजे, माणसं जमव. आता तू जाणतेस, दहाची वेळ असली की सैन्यात आपण हाताखालच्या माणसाला पावणेदहा सांगतो. तशी वरपासून खालपर्यंत रीतच आहे, तूच मला शिकवलीस. तर मी लायल हॅचरला पावणेदहा सांगितलं. लायल मरीन दलातला. त्याने रेनाटाला साडेनऊ सांगितलं. रेनाटाने पुढच्याला सव्वानऊ. असं करत करत, वाटेत आणखी माणसं गोळा करत, निरोप दहाव्या माणसापर्यंत, म्हणजे युजिन प्लॅटपर्यंत पोचला तेव्हा सभा साडेसातला होती. युजिन जात्याच शिस्तीचा, तो सव्वासातलाच आला.

कॉलेजचं दार आठला उघडतं. त्यामुळे पहिले सहा-सात जण गाड्यांच्या आवारात बर्फात उभे राहिले, आणि कुणी सांगितलं नसताना रांगेत उभे राहिले. फाटकावरचा पहारेकरी बिकेल धावत आला, हा काय प्रकार म्हणून. त्याचा आणि युजिनचा संवाद मला नंतर तिघांनी तीन तऱ्हेने सांगितला, पण सार एकच.

“इथे प्रमुख कोण?”

“अजून आला नाही.”

“मग उभे कशाला?”

“तो येईपर्यंत.”

बिकेलला हे पटलं. तोही जुना तोफखान्यातला. त्याने नियमाप्रमाणे वहीत प्रत्येकाचं नाव आणि यायची वेळ लिहिली आणि स्वतः रांगेच्या टोकाला उभा राहिला.

मी साडेनऊला पोचलो, म्हणजे माझ्या मते चांगला लवकर. बावीस माणसं आधीच बसली होती. पाहुण्यांसाठी आणलेले डोनट संपले होते, कॉफीचं भांडं खरवडून झालं होतं, आणि सगळे माझ्याकडे असे पाहत होते की जणू मीच दोन तास उशिरा आलोय. लायल म्हणाला, “या साहेब. झोप झाली का?”

दहा वाजले. बाई नाहीत. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे अडकल्याचा निरोप आला. आणि मग आत्या, माणसं उठायला लागली. युजिनने गोदामातून दहापर्यंतचीच सुटी घेतली होती. रेनाटा इस्पितळाच्या धुलाई विभागात आहे, तिथे तिची पाळी सुरू होत होती. लायल चालवतो ती शाळेची बस साडेदहाला सुटते, आणि बालवाडीची मुलं थांबत नाहीत. एकेक जण माझ्यासमोर ताठ उभा राहून जायची परवानगी मागत होता. मी त्यांचा कुणी नाही, पण परवानगी देत होतो. दहा पस्तीसला खोलीत मी, बावीस रिकाम्या खुर्च्या आणि डोनटचा रिकामा खोका.

दहा चाळीसला प्रुएटबाई आल्या. सभ्य बाई, बूट ओले, हातात वही.

“विद्यार्थी कुठायत?”

“कामावर, बाई.”

“सगळेच्या सगळे?”

“म्हणून तर अर्धवेळ शिकतात.”

त्यांनी वहीत लिहिलं. ट्रकच्या इंजिनाखाली झोपून उलटे आकडे वाचायची मला सवय आहे. लिहिलं होतं, हजर एक. खरं सांगतो आत्या, त्या वेळी मला फार वाईट वाटलं. इराकमध्ये वाळूत ट्रक बंद पडल्यावरही इतकं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बिकेल आला. वही बगलेत. त्याचं म्हणणं इतकंच होतं की पाहुण्यांनी आल्याची सही करायला हवी. बाईंनी सहीसाठी वही उघडली आणि वरच्या ओळी वाचू लागल्या. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि कुठे गेला तो रकाना. गोदाम. धुलाई. शाळेची बस. सगळी बावीस नावं. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि प्रत मिळेल का विचारलं. मी त्यांना समजावून सांगितलं की प्रत काढायचं यंत्र चालू करायचा गुप्त आकडा त्या टेबलावरच्या माणसापाशी असतो आणि टेबलावर माणूस नाही. हे समजावण्यात माझी पाच मिनिटं गेली. मग बाईंनी फोन काढून पानाचा फोटो घेतला. मला ते सुचलं नव्हतं.

जाताना म्हणाल्या की वीस तारखेला जिल्ह्याच्या गावी मोठी सुनावणी आहे, तिथे हे पान त्या ठेवतील, पण पानापेक्षा माणूस बोललेला बरा. मी हो म्हटलं. बाकी सर्व क्षेम. औषधं वेळेवर घे, आणि बरण्यांना हात लावू नकोस.

तुझा,
ऑरिन

ता. क. वर मी ओहायोला येऊ नकोस असं लिहिलंय, ते वाचू नकोस. बाबा जायच्या आधी एकदा बोलून गेले होते, की कॅप्टन व्हायच्या आधी, सैन्यातून एकदा परतल्यावर, परिचारिकेची पदवी तू अकरा वर्षांत घेतलीस, एकेका विषयाने. टेबल तुलाही हवं होतं आणि तूही नियमात बसली नव्हतीस. मला तू हे कधी सांगितलं नाहीस, वर चघळण्याबद्दल बोलतेस. वीस तारखेला येऊन तेवढं सांगशील का? मी बोललो तर समूहगायनासारखं होईल.

ता. क. दुसरा. शरीररचना सोडायचा फॉर्म मी भरून ठेवलाय. फ्रिजवर चिकटवलाय, सहीसकट. शेवटची तारीख एकवीस. तुझ्यावर दडपण आणायला हे लिहीत नाही. सुनावणी दहाला आहे. बरोबर दहाला. या वेळी मी एक मिनिटही कापलेलं नाही, तूही कापू नकोस.

ता. क. तिसरा. कापलंय. सुनावणी अकराला आहे. तरी तू नऊलाच येशील, म्हणून मी आठपासून दाराशी उभा असेन. हातात खुर्ची असेल, तुझ्या गुडघ्यासाठी.